पीयूसी : तपासणी धुराची की कागदाची?

व्हायवाला एक्स्टर्नलनी 'पीयूसी म्हणजे काय?' असं विचारलं तर आपल्यापैकी कुणीही 'पोल्यूशन अंडर कंट्रोल, सर!' असं झटक्यात सांगेल. 'त्यात मोजतात काय?' हा पुढचा प्रश्न आला की मात्र सगळे पंख्याकडे बघायला लागतात. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आय. सी. इंजिन शिकताना हा दुसरा प्रश्न माझ्या डोक्यात बसला आणि मिनी प्रोजेक्टच्या निमित्ताने मी त्याच्या मागे लागले. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. मराठी विभागासाठी लिही असं सरांनी सांगितलं तेव्हा 'उत्सर्जन' हा शब्द मला डिक्शनरीत बघावा लागला. पण गॅरेजमध्ये कोणी उत्सर्जन म्हणत नाही, धूर म्हणतात. म्हणून मीही या लेखात धूरच म्हणणार आहे.

कोणी विचारेल, धूर हा दिल्ली-मुंबईचा प्रश्न, भंडाऱ्याचा काय संबंध? केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या शहरांच्या यादीत नागपूर आहे, चंद्रपूर आहे, भंडारा नाही. पण संध्याकाळी कॉलेजच्या गेटवर दहा मिनिटं उभं राहून बघा. राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून (जुने लोक अजून त्याला 'सहा नंबर' म्हणतात) वैनगंगेच्या रेतीचे टिप्पर, तुमसरकडून धान-तांदळाचे ट्रक, वरठीच्या कारखान्याचा लोखंडी माल, सगळं आपल्या नाकासमोरून जातं. आणि होस्टेलच्या पार्किंगमध्ये आपल्या स्वतःच्या गाड्या आहेतच. होस्टेलच्या गच्चीवर वाळत घातलेला पांढरा ॲप्रन संध्याकाळी कोणत्या रंगाचा होतो ते प्रॅक्टिकलवाल्यांना सांगायला नको.

प्रोजेक्टची सुरुवात म्हणून मी माझी स्कूटी घेऊन एका पीयूसी सेंटरवर गेले. नाव देत नाही, कारण मुद्दा त्या एका माणसाचा नाही. त्याने नंबर प्लेटचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर नंबर टाकला, मोबाईल नंबर विचारला आणि कागद हातात दिला. मशीनची नळी, जी सायलेन्सरमध्ये आत घालायची असते, ती पूर्ण वेळ स्टुलावर गुंडाळून ठेवलेली होती. तरी कागदावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा छापलेला होता, तोही दशांश चिन्हासकट! शेजारच्या गॅरेजमधल्या मेकॅनिक काकांना मी हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "ताई, धुराले कोण पायते इथं? कागदाले पायते."

तुम्ही म्हणाल, ही लहान गावाची गोष्ट. मग देशाच्या राजधानीची ऐका. दिल्लीतल्या वाहनांच्या प्रदूषणावरचा कॅगचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत मांडला गेला. २०१५ ते २०२० या काळातल्या पीयूसीच्या नोंदी त्यात तपासल्या आहेत. मर्यादेपेक्षा जास्त आकडा येऊनसुद्धा पास केलेल्या पेट्रोल, सीएनजी आणि एलपीजीच्या गाड्या निघाल्या सुमारे १.०८ लाख. आणि ७६,८६५ वेळा तपासणी आणि सर्टिफिकेट हे दोन्ही एका मिनिटाच्या आत उरकलेलं होतं. म्हणजे काकांनी एका वाक्यात सांगितलं तेच.

सेंटरवाल्याची बाजूही बघायला हवी. महाराष्ट्रात २०२२ मध्ये पीयूसीचे दर वाढले तेव्हा दुचाकीचे ३५ चे ५० रुपये झाले, पेट्रोल कारचे ९० चे १२५ आणि डिझेलचे ११० चे १५०. या पैशात जागेचं भाडं, मशीन, इंटरनेट, माणसाचा पगार आणि वरून कॅलिब्रेशनच्या गॅसचं सिलिंडर. शिवाय ज्याने गाडी नापास केली त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, पुढच्या सेंटरवर जातं. परीक्षकाची फी विद्यार्थ्याने द्यायची आणि परीक्षकही विद्यार्थ्यानेच निवडायचा, अशी युनिव्हर्सिटी असती तर आपल्यातला एकही जण कधी बॅकलॉगला बसला नसता.

आता मूळ प्रश्न. नळी प्रामाणिकपणे घातली, तर कळतं काय?

आधी पेट्रोल. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली तर कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. प्लग खराब असेल, मिसफायर होत असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. ते हायड्रोकार्बन म्हणून मोजलं जातं, पीपीएममध्ये. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत मुख्यतः हे दोनच आकडे असतात, आणि तेही गाडी उभी, इंजिन आयडलिंगवर. मार्च २००० नंतरच्या फोर स्ट्रोक दुचाकीला मर्यादा ३.५ टक्के आणि ४५०० पीपीएम. बीएस-४ पेट्रोल कारला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. मार्च २००० च्या आधीच्या दुचाकीला ४.५ टक्के आणि ९००० पीपीएम! एवढी सूट का, याचं उत्तर टू स्ट्रोकच्या आकृतीत आहे. तिथे एक्झॉस्ट पोर्ट उघडं असतानाच ताजं मिश्रण आत येतं आणि त्यातलं काही सरळ बाहेर निघून जातं. इंजिनची रचनाच तशी, म्हणून नियमही तसा.

आयडलिंगवर मोजण्यात एक मोठी पळवाट आहे, आणि ती प्रत्येक मेकॅनिकला माहीत आहे. कार्बोरेटरमध्ये आयडलिंगचा मार्ग वेगळा आणि मेन जेट वेगळा. पीयूसीच्या आधी मिक्श्चर स्क्रू थोडा फिरवायचा, मिश्रण पातळ करायचं, आकडा खाली आणायचा, कागद घ्यायचा आणि स्क्रू परत होता तिथे. रस्त्यावर गाडी मेन जेटवर चालते. तिची तपासणी झालेलीच नसते.

दुसरी गंमत सायलेन्सरच्या भोकाची. सायलेन्सर फुटका असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, धूर पातळ होतो आणि गाडी जास्त चांगली दिसते. यावर साधा उपाय म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांची बेरीज बघायची. फोर स्ट्रोक पेट्रोल इंजिनात ती १५ टक्क्यांच्या आसपास यायला हवी. कमी आली तर मोजलेल्या मोनॉक्साइडला १५ ने गुणायचं आणि त्या बेरजेने भागायचं. समजा मोनॉक्साइड २ टक्के आणि डायऑक्साइड ४ टक्के आला. बेरीज ६. म्हणजे खरा आकडा २ गुणिले १५ भागिले ६, बरोबर ५ टक्के. कागदावर पास होणारी गाडी सरळ नापास!

डिझेलची पद्धत वेगळी. तिथे स्मोक मीटर असतो. एका नळीतून धूर जातो, एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला सेन्सर. किती टक्के प्रकाश अडला तो आकडा म्हणजे एचएसयू. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला मर्यादा ६५, बीएस-४ ला ५०. नियमांत याच्या शेजारी आणखी एक आकडा दिलेला असतो, प्रकाश शोषणाचा गुणांक: ६५ ला २.४५ आणि ५० ला १.६२. हे आकडे कुठून आले? कॅल्क्युलेटर काढा. हार्ट्रिज मीटरच्या नळीची लांबी धरतात ०.४३ मीटर. ५० टक्के प्रकाश अडला म्हणजे अर्धा पोचला. अर्ध्याचा नॅचरल लॉग उणे ०.६९३, चिन्ह सोडा आणि ०.४३ ने भागा. १.६१ आलं ना? फर्स्ट इयरच्या फिजिक्सचा बीअर-लँबर्ट नियम आहे हा. ६५ साठी ०.३५ चा लॉग घ्या, २.४४ येईल. तेव्हा हा नियम पाठ करताना मला त्याचा कंटाळा आला होता. आता टिप्परमागे अडकले की मी मनातल्या मनात लॉग काढते.

पण ही तपासणीसुद्धा गाडी उभी ठेवूनच होते. न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. चालकाने पाय अर्धाच दाबला तर इंजेक्शन पंप कमी डिझेल सोडतो आणि धूर कमी येतो. ओल्या रेतीने भरलेला टिप्पर नदीच्या काठाचा चढ चढतो तेव्हा त्याचं इंजिन जे करतं, ते सेंटरवर कधीच घडत नाही.

आणि सगळ्यात मोठी उणीव नायट्रोजनच्या ऑक्साइडची. हे ऑक्साइड सिलिंडरमधलं तापमान फार वाढलं की तयार होतात (सिलॅबसमधला झेल्डोविच आठवा), म्हणजे लोडवर. आयडलिंगला इंजिन थंडच असतं, त्यामुळे तिथे ते नाममात्र असतात, आणि पीयूसीत ते मोजतही नाहीत. फोक्सवॅगनचं प्रकरण सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत बाहेर आलं ते याच वायूचं. गाडीतलं सॉफ्टवेअर तपासणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं सभ्य वागायचं, इन्स्पेक्शनच्या दिवशीच्या होस्टेलसारखं. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय संस्थेने या कंपनीच्या गाड्या रस्त्यावर चालवून मोजल्या, तर धूर बीएस-४ च्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघाला. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये कंपनीने भारतातल्या सुमारे ३.२३ लाख गाड्या परत बोलावल्या. यातली कोणतीही गाडी भंडाऱ्यात पीयूसीला नेली असती तर आरामात पास झाली असती.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ च्या आहेत. मोठ्या डिझेल ट्रकना युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. ते द्रावण सायलेन्सरच्या वाटेत फवारलं की नायट्रोजनचे ऑक्साइड मोडतात. द्रावणाचा खर्च वाचवायला कोणी ती यंत्रणा बंद पाडली, तर स्मोक मीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. तो काजळी बघतो, आणि हा वायू काजळी नव्हे. म्हणजे गाडी सहाव्या इयत्तेत गेली, पेपर अजून जुनाच आहे.

मग इतक्या वर्षांत सुधारणा झाल्याच नाहीत का? झाल्या की! पण बहुतेक सगळ्या कागदाच्या बाजूने झाल्या. १० ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाने एम. सी. मेहता खटल्यात सांगितलं की पीयूसी नसेल तर विमा देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद आली. जून २०२१ मध्ये देशभर एकाच नमुन्याचं, क्यूआर कोड असलेलं सर्टिफिकेट आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी महाराष्ट्रात 'नो पीयूसी, नो फ्युएल' आणण्याची भूमिका मांडली, म्हणजे पंपावरचा कॅमेरा नंबर वाचेल आणि पीयूसी नसेल तर पेट्रोल नाही. (बाटलीतून किराणा दुकानात मिळणाऱ्या पेट्रोलचं काय करणार, हा प्रश्न मी मंत्रीमहोदयांवर सोडते.)

यातल्या विम्याच्या नियमाचं पुढे काय झालं ते समजून घेण्यासारखं आहे. पीयूसी नाही म्हणून विमा नाही, आणि विमा नाही म्हणून गाडी घरी बसली असं झालं नाही. गाडी रस्त्यावरच राहिली, फक्त विम्याशिवाय. अशा गाडीने एखाद्याला उडवलं तर जखमी माणसाला भरपाई देणार कोण? शेवटी जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःचीच ती अट मागे घेतली. धुराच्या नियमाची किंमत पायी चालणाऱ्याने मोजायची वेळ आली होती. म्हणून 'कागदाला कागद जोडा' या प्रकारच्या सुधारणेची मला थोडी भीतीच वाटते. कागदाची सक्ती वाढली आणि तपासणी तशीच राहिली, तर वाढतो फक्त कागदाचा भाव.

माझ्या मते जोडणी विम्याशी न करता रजिस्ट्रेशनशी करायला हवी, आणि इथे विषय आपल्या पार्किंगमध्ये येतो. गाड्यांच्या नंबर प्लेट वाचत एक चक्कर मारा. एमएच ३६ आपल्या भंडाऱ्याचा. पण एमएच ३१, ४० आणि ४९ नागपूरचे, ३५ गोंदियाचा, ३४ चंद्रपूरचा. यातल्या कितीतरी गाड्या सीनिअरकडून ज्युनिअरकडे, तिथून त्याच्या ज्युनिअरकडे अशा आल्या आहेत. चावी आणि आरसी बुकाची झेरॉक्स हातात आली की व्यवहार संपला, असा आपला समज. कायदा तसं म्हणत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३०. नाही कळवलं तर? सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हेच सांगितलं आहे. गाडी कितीही हात बदलून गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव आहे त्याची. तुमचा पास आऊट झालेला सीनिअर पुण्यात नोकरी करतोय आणि त्याच्या नावावरची गाडी इथे तुम्ही चालवताय, याचा अर्थ काय होतो ते त्याला एकदा फोन करून सांगा. झोप उडेल त्याची.

नवी खासगी गाडी एकदा रजिस्टर झाली की पुढची पंधरा वर्षं सरकारच्या माणसासमोर उभी राहण्याची तिच्यावर वेळच येत नाही. मध्ये असते फक्त पीयूसी, ती कशी होते हे वर पाहिलंच. पंधरा वर्षांनंतर रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी एप्रिल २०२२ पासून दुचाकीला ३०० ची १००० आणि कारला ६०० ची ५००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ती २००० आणि १०,००० केली. ही फी वयावर आहे, धुरावर नाही. नीट सर्व्हिसिंग केलेली सोळा वर्षांची गाडी जास्त भरते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून फटाका सायलेन्सर लावलेली चार वर्षांची बुलेट काहीच भरत नाही. हा न्याय मला पटत नाही.

त्यापेक्षा गाडी विकताना, नाव बदलतानाच खरी तपासणी सक्तीची करा. त्या दिवशी विकणारा आणि घेणारा दोघेही हजर असतात, पैसेही हातात असतात, आणि दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करता येतो. घेणाऱ्याला तर खरा आकडा हवाच असतो, कारण इंजिन उतरलं की नाही ते त्यातून कळतं. पूर्ण व्यवस्थेत हा एकच माणूस आहे ज्याला खोटा कागद परवडत नाही. बीएस-६ गाडीला स्कॅनर लावून तिच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचायला काही मिनिटं लागतात, तेही याच वेळी व्हावं. कॅलिफोर्नियात स्मॉग चेक १९८४ पासून आहे आणि तो पास झाल्याशिवाय रजिस्ट्रेशन रिन्यू होत नाही. तिथे काही सेंटरना फक्त तपासणीची परवानगी असते, दुरुस्तीची नाही, म्हणजे नापास करण्यात किंवा न करण्यात त्यांचा फायदा नसतो. आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला असं सेंटर उद्या होणार नाही हे मलाही कळतं. पण जिल्ह्याच्या आरटीओत एक, दर महिन्याला लाखांदूर, पवनीला फिरणारी एक व्हॅन, आणि फी पन्नासऐवजी खर्चाला पुरेल इतकी, एवढं अशक्य नाही.

टिप्परचं काय? त्यासाठी नवा कायदाही नको. केंद्रीय मोटार वाहन नियम ११६ आधीपासून आहे. गाडी मर्यादेबाहेर धूर सोडते असं वाटलं, तर फौजदार किंवा मोटार वाहन निरीक्षक पीयूसी असतानाही ती पुन्हा तपासायला लावू शकतो. 'धुराले कोण पायते' या काकांच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात आहे. महामार्गावर मला ते अजून दिसलेलं नाही.

आपल्या आय. सी. इंजिन लॅबमध्ये गॅस ॲनालायझर आहे. सरांची परवानगी घेतली आहे, कॅलिब्रेशनही करून घेतलं आहे. या सेमिस्टरला दर शनिवारी दुपारी दोन ते पाच आम्ही चौघी तिथे असू. होस्टेलमधली कोणतीही पेट्रोल गाडी घेऊन या, स्टाफच्याही चालतील. आम्ही सर्टिफिकेट देऊ शकत नाही, आकडे लिहून देऊ. येण्याआधी गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा, थंड इंजिनचा आकडा उगाच जास्त येतो. आणि बुलेटवाल्यांनी कंपनीचा सायलेन्सर परत बसवून यावं.